मामांचा डावा कान

चित्रपटात माझे काम थोडे होते. चार जुन्या मराठी कथा, प्रत्येकी अर्ध्या तासाच्या, एकाच चित्रपटात एकापुढे एक गुंफायच्या, आणि त्यांतली माणसे आमच्या उत्तर गोव्यात बोलतात तशीच बोलतील याची काळजी मी घ्यायची. दिग्दर्शिका कोल्हापूरकडची, तिशीतली मुलगी. साखळीच्या ज्या शाळेत मी मराठी शिकवतो तिथे कोणीतरी तिला माझे नाव सांगितले, आणि एका रविवारी ती सर्वणला माझ्या घरी येऊन सोप्यावर बसली. तिच्या पिशवीत चारही कथांच्या छायाप्रती होत्या. त्यांतल्या दोन मी वर्षानुवर्षे वर्गात शिकवत आलो होतो. लेखकांपैकी आता कोणीच हयात नाही.

पहिली कथा एकाच स्वयंपाकघरात वावरूनही एकमेकींशी न बोलणाऱ्या दोन जावांची होती. दुसरीत एक शेतकरी म्हैस विकायला बाजारात नेतो आणि तशीच परत आणतो. तो बाजार आम्ही वाळपईचा केला. तिसरी एका तारमास्तराच्या बदलीची. चौथी मला सर्वांत प्रिय. तिच्यात एक म्हातारा शेजाऱ्यांच्या बंद घराची चावी सांभाळतो. शेजारी केव्हाच मुंबईला गेलेले. म्हातारा आठवड्यातून एकदा ते घर उघडतो, झाडतो, चतुर्थीला तिथे दिवा लावतो. एके दिवशी त्या घराण्यातला तरुण वारस घर विकण्यासाठी चावी मागायला येतो. म्हातारा भांडत नाही, रडत नाही. तो चावी देतो, आणि देताना घराच्या खोडी सांगतो: कुठली फरशी हलते, कुठली भिंत पावसात ओल धरते, मागच्या दाराचा अडसर कसा काढावा. सबंध एक पानभर तो बोलतो आणि तिथेच कथा संपते.

दिग्दर्शिकेला हा म्हातारा सापडत नव्हता. शहरातले नट येऊन गेले होते, पण त्यांच्या हातात चावी शोभत नव्हती, असे ती म्हणाली. मी तिला माझ्या मामांविषयी सांगितले. पेडणे तालुक्यातल्या एका गावात राहतात, वय पंचाहत्तरीच्या पुढे, तरुणपणी गावच्या नाटकांत राजाची कामे करत, आवाज अजून खणखणीत. ही सगळी कारणे खरी होती. मात्र ज्या कारणासाठी मी त्यांचे नाव घेतले ते यांत नव्हते, आणि ते तिला सांगण्याची मला गरज वाटली नाही. निदान तेव्हा मी स्वतःची तशी समजूत घातली.

ते कारण असे.

पेडण्याकडे देवळाच्या उत्सवात गावचीच माणसे मराठी नाटक करतात. महिनाभर तालमी होतात. पण शेत, दुकान, कचेरी सांभाळून तालमीला येणाऱ्या माणसाचे सगळे भाषण पाठ होत नाही आणि व्हावे अशी कोणाची अपेक्षाही नसते. नट निम्मे पाठ करतो, उरलेले प्रॉम्प्टरवर सोडतो. प्रॉम्प्टर वही घेऊन डाव्या विंगेत बसतो आणि वाक्याचे पहिले दोन शब्द देतो. जुना, मुरलेला नट वाक्य संपवता संपवता सहज दोन पावले डावीकडे येतो, मान किंचित कलती करतो, शब्द उचलतो आणि पुन्हा मध्यभागी जातो. प्रेक्षकांना हे ठाऊक असते. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांना प्रत्येक वाक्य दोनदा ऐकायला मिळते, आणि त्याबद्दल कोणीही तक्रार केलेली मी ऐकली नाही.

मामांची ती मान कलती करण्याची लकब फार देखणी होती. राजा दूरवरची तुतारी ऐकतो आहे असेच वाटे. लहानपणी उत्सवाला आजोळी गेलो की मी ती लकब आरशासमोर करून पाहत असे.

मी चोवीस वर्षांचा असताना, शिक्षक म्हणून नुकताच लागलो होतो, तेव्हा गावच्या नाटकात मला जासुदाचे काम मिळाले. चार वाक्ये होती. तालमी मामाच घेत. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी ते काम माझ्याकडून काढून दुसऱ्याला दिले आणि सगळ्यांच्या देखत म्हणाले, "नट तुझ्या घशात आसा, आंगात नाय. तू आपलो भितर बस आनी वही धर." लोक हसले. मामाही हसले, त्यांच्या बोलण्यात खवचटपणा नव्हता, आणि आता विचार करतो तेव्हा त्यांचे म्हणणे बरोबरही होते. पण उत्सव होईपर्यंत गावातली मुले मला 'घसो' म्हणून हाका मारत राहिली. मी पदवीधर होतो, मास्तर होतो. मला ते लागले.

उत्सवात, तिसऱ्या अंकात, राजा गड सोडून जायला निघतो. भर दुपारचा प्रयोग, मांडवात सगळा गाव. मामा बोलता बोलता डावीकडे आले आणि त्यांनी मान कलती केली. वही माझ्या मांडीवर उघडी होती. वाक्य होते, "गडाचे दरवाजे उघडा. मी एकटा जाईन." ते माझ्या ओठांवर होते. मी ते दिले नाही.

मी किती वेळ गप्प राहिलो ते मला सांगता येणार नाही. पाच श्वास असतील, दहा असतील. मामांनी मान आणखी कलती केली. मांडवात आधी खोकले, मग हसू, मग एक शिट्टी. मामांच्या चेहऱ्यावरून राजा उतरत गेला आणि तिथे नुसता माझा मामा उरला, घामाने रंग ओघळलेला. पडदा ओढणाऱ्याने न सांगता पडदा ओढला.

एवढ्यावर थांबलो असतो तर ती एका तरुण माणसाची दुष्ट खोडी ठरली असती, आणि अशा खोड्यांना क्षमा असते. पण पडद्याआड मामा माझ्यासमोर आले आणि त्यांनी विचारले, वाक्य का दिले नाहीस? मी म्हणालो, "दिलंय मामा. दोनदा दिलंय."

ते माझ्याकडे पाहत राहिले. मग हळूच हात वर नेऊन त्यांनी आपला डावा कान चाचपला.

त्या दिवसानंतर मामा रंगमंचावर चढले नाहीत. माणसे त्यांना बोलवायला येत. ते म्हणत, कान गेला, आता माझ्यामुळे दुसऱ्याचा प्रयोग बिघडायला नको. मामीने आग्रह करून त्यांना म्हापशाला कानाच्या डॉक्टरकडे नेले. डॉक्टर म्हणाले, कान उत्तम आहेत. मामांना ते पटले नाही. घरी येऊन मामीला म्हणाले, "डॉक्टर फी घेवन बोलता. माझो भाचो फुकट बोललो." मामीने हे मला मोठ्या कौतुकाने सांगितले, मामांचा माझ्यावर किती विश्वास आहे ते कळावे म्हणून.

तेव्हापासून त्या घरात सगळे मामांशी मोठ्याने बोलतात. आधी मामी, मग मुले, मग सुना, पुढे भाजीवाली आणि पाव आणणारा पदेरसुद्धा. मामा प्रत्येकाकडे उजवा कान वळवतात. मी दर वर्षी उत्सवाला जात राहिलो आणि दर वर्षी डाव्या विंगेत वही धरून बसत राहिलो. एकाही वर्षी चुकलो नाही. हे मी प्रायश्चित्त समजत होतो. खरे तर ते सोपे होते, कारण त्यात मामांना काही सांगावे लागत नव्हते.

चित्रपटाचे विचारायला मी गेलो तेव्हा मामीने दारातूनच हाक दिली, "अवो, भाचो इलो हा तुमचो!" ही हाक रस्त्यापलीकडच्या घरापर्यंत गेली असावी, कारण तिथली बाई बाहेर आली. मामा सोप्यावरच, दारापासून दोन हातांवर बसले होते. मी सगळे समजावून सांगितले. त्यांनी कथा वाचायला मागितली आणि चष्मा लावून माझ्यासमोरच सावकाश वाचली. शेवटच्या पानावर ते थांबले, परत मागे गेले, परत वाचले. मग कागद घडी घालून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, काम बरे आहे, पण बहिऱ्या माणसाचे नव्हे.

तिथे बोलायला हवे होते. मी बोललो नाही. मी म्हणालो, मी जवळच असेन, तुला काही अडचण येणार नाही. मामांना मी 'तू' म्हणतो. आमच्याकडे मामाला तसेच म्हणतात.

ते तयार झाले. मामी सांगते, त्या दिवसापासून त्यांनी घरातली एक जुनी चावी कमरेला लावली आणि जेवतानाही काढली नाही. दिग्दर्शिका भेटायला आली तेव्हा ते धुतलेला सदरा घालून तासभर आधीपासून बसले होते. रंग कोण लावणार, हा त्यांचा पहिला प्रश्न होता. रंग लावायचा नाही, तुमचा चेहराच हवा, असे तिने सांगितल्यावर ते जरा हिरमुसले. पण बाकी सारे गावभर सांगून झाले होते. केस कापणाऱ्याने त्यांना पंधरा दिवस कात्री लावली नाही, कारण दिग्दर्शिकेने केस वाढवायला सांगितले होते, आणि ही गोष्ट त्याने स्वतःच्या दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवली.

चित्रीकरण त्याच गावातल्या एका बंद घरात होते. त्या घराचे मालकही खरोखरच बाहेरगावी असतात. पहिल्या दिवशी मामांनी घर झाडले, दिवा लावला, विहिरीवर पाय धुतले, आणि हे सगळे इतके निमूट आणि नेमके केले की दिग्दर्शिकेने मला बाजूला घेऊन माझे आभार मानले. शेवटचे भाषण दुपारी घ्यायचे होते. म्हातारा सोप्यावर उभा, समोर तो तरुण वारस, मामांच्या मागे जनेल. खिडकीला आमच्याकडे अजून जनेल म्हणतात. त्या जनेलाच्या आत, अंधाऱ्या खोलीत, मी वही घेऊन बसलो. सांगितले कोणीच नव्हते. मला वाटले माझी जागा तीच.

मामांनी सुरुवात उत्तम केली. फरशी झाली, ओली भिंत झाली, अडसर झाला. मग त्यांनी उजवा कान जनेलाकडे वळवत मान कलती केली. मी जनेलातून हळू आवाजात पुढचे दोन शब्द दिले. मामांनी ते उचलले आणि पुढे गेले. मला इतके समाधान वाटले की ध्वनिमुद्रण करणाऱ्या गृहस्थांनी हात वर केलेला मी पाहिलाच नाही. त्यांनी कानावरचे यंत्र काढून विचारले, आत कोण बोलतो आहे?

मी लाजेने बाहेर आलो. तीस वर्षे प्रॉम्प्टिंग करून, आणि शाळेत मुलांना चित्रपट आणि नाटक यांतला फरक समजावून, मी ही चूक केली होती. दिग्दर्शिकेने न रागावता सांगितले की इथे आवाज जागेवरच घेतला जातो, तुमचा शब्दही त्यात येतो. मी गप्प राहायचे ठरले. पण मामा दर वेळी त्याच ठिकाणी अडकू लागले. शब्द लिहिलेली पाटी धरून पाहिली. चष्म्याशिवाय त्यांना ती दिसेना. शेवटी ध्वनिवाल्यांनी एक इवलेसे यंत्र आणले. ते कानात बसवायचे. मी लांबून त्यात बोलायचे, आणि ते फक्त मामांनाच ऐकू येणार. मामांनी ते हातात घेऊन पाहिले, परत दिले आणि म्हणाले की या कानात ते घालून काही उपयोग नाही, तो कान गेलेला आहे. उजव्या कानात घाला म्हटले, तर तो बाजूने कॅमेऱ्यात दिसत होता.

ऊन उतरले. दिग्दर्शिका मला अंगणाच्या कडेला घेऊन गेली. ती म्हणाली, "सर, मला मामाच हवेत. पण उद्या दुपारपर्यंतच हे घर आपल्याकडे आहे. म्हापशाच्या एका नटाला मी उद्या मोकळं राहायला सांगितलंय. तुम्ही मामांना समजवा. नाही जमलं तर मला दुसरा मार्ग नाही."

मामांनी हे ऐकले नाही. पण त्यांना ते कळले होते. घरी परतताना त्यांनी कमरेची चावी काढून खिशात टाकलेली मी पाहिली.

मामीने चहा आणि उंडे, आमचे गोल पाव, आणून ठेवले, नेहमीच्या मोठ्या आवाजात 'खावा' म्हटले, आणि ती आत खोबरे किसायला गेली. मामा उंड्याचा तुकडा चहात बुडवून तसाच धरून बसले. मी म्हणालो, "मामा, तुझो कान बरो आसा."

"डॉक्टरानय ताच सांगल्यान," मामा म्हणाले.

"त्या दिसा मी वाक्य दिलंच नाय. एकदाय नाय."

त्यांनी तुकडा बशीत ठेवला. मग विचारले, "विसारलंस?"

हो म्हणायची संधी त्यांनी मला दिली होती. जाणूनबुजून दिली होती की काय, मला आजही ठाऊक नाही. मी म्हणालो, नाही. वही उघडी होती, वाक्य तोंडावर होते. का दिले नाही तेही सांगितले: जासुदाचे काम, तालीम, 'घसो'. बोलताना ते सगळे इतके क्षुल्लक ऐकू येत होते की मला मध्येच थांबावेसे वाटले. तरी मी शेवटपर्यंत सांगितले.

मामा अंगणाकडे वळले. मग स्वतःशीच म्हणाले, "म्हंजे कान माझो बरो होतो."

मी मान हलवली. त्यांनी मला आत जायला सांगितले. स्वयंपाकघरात जा आणि काहीतरी बोल, अगदी हळू. मी उठलो. मामी आडाळ्यावर बसून नारळ किसत होती. तिला मी थांबायची खूण केली. भिंतीशी उभा राहून मी वहीतला शब्द द्यावा तितक्याच आवाजात म्हणालो, "गडाचे दरवाजे उघडा. मी एकटा जाईन."

 मी सोप्यावर आलो तेव्हा मामांची जागा रिकामी होती. मामा अंगणाच्या टोकाला माडाला हात टेकवून, आमच्याकडे पाठ करून उभे होते. त्यांनी ऐकले होते. त्यांच्या पाठीवरून ते मला कळले. मामीने मला काय झाले म्हणून विचारले, आणि मी तिलाही सांगितले.  माझ्या पुढ्यातली उंड्यांची बशी तिने उचलून आत नेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा माझ्याशी बोलले नाहीत. रागावर माझा हक्क नव्हता, त्यांचा पुरेपूर होता. तरीही मला ते जड गेले. ते दिग्दर्शिकेशी बोलत, समोरच्या वारसाशी बोलत, चहा देणाऱ्या बाईशीही बोलत. मला काही सांगायचे झाले तर दुसऱ्याकरवी 'मास्तरांक सांगा' म्हणत. आयुष्यात त्यांनी मला कधी मास्तर म्हटले नव्हते. ते यंत्र मात्र त्यांनी आपणहून मागून घेतले, डाव्या कानात बसवून पाहिले आणि लगेच काढले. किडा शिरल्यासारखे वाटते म्हणाले. मग दिग्दर्शिकेला म्हणाले की यंत्र नको, मास्तर कालच्यासारखे जनेलाच्या आत बसू देत, पण बोलायचे नाही. नुसते बसायचे.

दिग्दर्शिकेने घड्याळाकडे पाहिले आणि हो म्हणाली. म्हापशाचे ते नट येऊन बाहेर गाडीत बसलेले मला जनेलातून दिसत होते.

मी वही मिटून मांडीवर ठेवली. मामा उभे राहिले आणि बोलू लागले. उंबऱ्यापासची तिसरी फरशी हलते, तिच्यावर पाय देऊ नकोस. देवघराची भिंत श्रावणात ओल धरते, तिला रंग लावून फसू नकोस. मागच्या दाराचा अडसर आधी वर, मग बाजूला. पुढचे वाक्य होते, "चावी उरफाटी फिरव. या घराचा कुलूप उरफाटा उघाडता." कथेत 'किल्ली' आणि 'उलट' होते, तो बदल मीच केला होता.

तिथे मामा थांबले. त्यांची मान जनेलाकडे कलती झाली, अगदी तशीच, पांढरे केस डाव्या कानावर आलेले. जनेलाच्या गजांमधून तो कान माझ्यापासून हातभर अंतरावर होता. बोलायचे नाही, असे मला बजावलेले होते. मी बोललो तर हा प्रयत्न फुकट जाणार, बाहेर दुसरा नट बसलेला, वेळ संपत आलेली. हे सगळे मला स्पष्ट दिसत होते. पण त्या जागी गप्प बसणे मला एकदा जमले होते. दुसऱ्यांदा जमले नाही.

"चावी उरफाटी," मी म्हणालो.

ध्वनिवाल्यांचा हात वर गेला. दिग्दर्शिकेने 'कट' म्हटले आणि डोळे मिटून घेतले. मामांनी मान सरळ केली. ते वळले, जनेलात वाकले आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, "ऐकाक इला माका."

मग सगळ्यांकडे वळून त्यांनी मोठ्या आवाजात सांगितले की आता परत घेऊया, आता शब्द द्यावा लागणार नाही. दिग्दर्शिकेने बाहेरच्या गाडीकडे एकदा पाहिले आणि कॅमेरा पुन्हा लावायला सांगितले. मामांनी ते सबंध पान एका दमात म्हटले. फक्त त्या एका ठिकाणी ते थांबले, त्यांनी कान जनेलाकडे केला, आणि मग चावी उरफाटी फिरव म्हणून सांगितले. मी वहीवर दोन्ही हात दाबून बसलो होतो. 'कट' झाले. मग ध्वनिवाले म्हणाले, स्वच्छ आहे.

चित्रपट पुढे पणजीत एका सभागृहात दाखवला गेला. चारही कथा लोकांना आवडल्या. वाळपईच्या बाजारातली म्हैस तर टाळ्या घेऊन गेली. पण मध्यंतरानंतर जेव्हा मामा सोप्यावर उभे राहून बोलू लागले तेव्हा सभागृह वेगळ्या तऱ्हेने शांत झाले. ते थांबले, त्यांची मान कलली, आणि त्या ओलसर, रिकाम्या घरातून काहीतरी त्यांना ऐकू येते आहे, असे मलाही वाटले. ती खोली रिकामी नव्हती हे ठाऊक असूनही वाटले. बाहेर आल्यावर दिग्दर्शिकेने मामांना विचारले की तेवढ्या क्षणात तुम्ही काय ऐकत होता, सगळे मला विचारताहेत. मामांनी माझ्याकडे न पाहता उत्तर दिले, "घराक कान लावलेलो."

परतताना मी गाडी चालवत होतो. मामा शेजारी, मामी मागे. मामी अजून मोठ्यानेच बोलते. ती म्हणते, इतक्या वर्षांचा घसा आता कुठे नेऊ. म्हापसा मागे पडेपर्यंत ती चित्रपटातल्या जावांविषयी बोलत होती, मग तिला डुलकी लागली. मामा समोर पाहत बसले होते. चित्रीकरणानंतर ते माझ्याशी पूर्वीसारखे बोलू लागले होते, पण त्या गोष्टीचा उल्लेख त्यांनी पुन्हा केला नव्हता, आणि मी क्षमा मागितली तेव्हा ऐकू न आल्यासारखे केले होते. त्या बाबतीत मात्र त्यांचा कान अजून बिघडलेला आहे.

कोलवाळचा पूल ओलांडल्यावर ते म्हणाले, "त्या वर्सापासना खयची खयची नाटकां झाली, सांग."

मला आधी कळले नाही. मग कळले. मी दर वर्षी विंगेत होतो. माझ्याखेरीज हे सगळे ओळीने कोणाला आठवणार होते? मी पुढच्याच वर्षापासून सुरुवात केली. त्या वर्षी ऐतिहासिक होते. कोणी राजा केला, कोण कुठे अडखळला, कुठल्या प्रवेशाला टाळी पडली, ते मी सांगितले. मामांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, त्यात म्हातारा सेनापती होता, तो मी केला असता. त्याच्या पुढच्या वर्षी सामाजिक. बाप मी केला असता. मग पौराणिक. त्यांनी जरा विचार केला. ऋषी नव्हे, म्हणाले, राक्षस. मी एकेक वर्ष सांगत गेलो आणि ते एकेक काम उचलत गेले, नेमके, हावरेपणा न करता, कुठल्या वर्षी आपले वय काय होते याचे भान ठेवून.  मी रस्त्याकडे पाहत राहिलो.

एका वर्षीचे नाटक विनोदी होते, आणि त्यात नायकाला नाचावे लागे.  मामांनी नकारार्थी मान हलवली.

"ता माका जमला नसता," ते म्हणाले. आणि जुन्या सवयीने, विंगेकडे करावी तशी, मान किंचित डावीकडे कलती करून म्हणाले, "फुडचा सांग."